जुनी एस्टीम ट्रॅकवर नेताना पैसे आधी कुठे घालायचे

वीस वर्षं जुनी मारुती एस्टीम शर्यतीच्या ट्रॅकवर न्यायची म्हटलं की बोलणं हमखास सायलेन्सर, कोन फिल्टर (शंकूच्या आकाराचा उघडा एअर फिल्टर) आणि ‘चिप’कडे, म्हणजे इंजिनाच्या संगणकातल्या बदलाकडे, वळतं. रोजच्या वापरातली जुनी गाडी ट्रॅकवर ताकद कमी पडली म्हणून क्वचितच थांबते. ती थांबते ब्रेकचं तेल उकळल्यामुळे, टेंपरेचरचा काटा वर गेल्यामुळे, नाहीतर एखादा बुश (चाकांच्या जोडांमधला रबरी तुकडा) फाटून स्टिअरिंग भलतीकडे ओढायला लागल्यामुळे. उष्णता आणि म्हातारं रबर, या दोन गोष्टींचा बंदोबस्त होईपर्यंत इंजिनाला हात लावण्यात अर्थ नाही.

एस्टीमचं उदाहरण घ्यायला कारण आहे. १९९४ ते २००७ या काळात विकली गेलेली ही गाडी जेमतेम पावणेनऊशे किलोची आहे आणि नंतरच्या १६ व्हॉल्व्हच्या एमपीएफआय (कार्बोरेटरऐवजी पेट्रोल इंजेक्शनच्या) इंजिनाची ताकद ८५ हॉर्सपॉवर. त्याच जी१३बीबी कुळातलं इंजिन पहिल्या पेट्रोल स्विफ्टमध्ये आणि जिप्सीत होतं, त्यामुळे गॅस्केट, वॉटर पंप, टायमिंग बेल्ट शोधत हिंडावं लागत नाही. पुढे डिस्क, मागे ड्रम, चारही चाकांना स्ट्रट (स्प्रिंग आणि शॉकअप एकत्र असलेला खांब), आणि बॉनेटखाली हात जाईल एवढी जागा. झेन किंवा जुनी होंडा सिटी असेल तर आकडे बदलतील, कामाचा क्रम तोच राहील.

आधी कागद

मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार कंपनीच्या मूळ स्पेसिफिकेशनशी न जुळणारा बदल गाडीत करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ च्या निकालात हेच ठामपणे सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२अ मध्ये अशा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही आहे. म्हणजे इंजिन बदलणं, बॉडीबाहेर आलेले टायर, मोकळा सायलेन्सर या गोष्टी रस्त्यावरच्या गाडीत नकोत. पॅड, ब्रेकचं तेल, बुश, शॉकअप, रेडिएटर हे झिजणारे भाग आहेत. ते मूळ मापात, चांगल्या प्रतीचे बसवणं ही दुरुस्ती आहे, आणि सुदैवाने ट्रॅकवर खरा फरक यांनीच पडतो.

पेट्रोल गाडीची नोंदणी १५ वर्षांनी संपते आणि पुढे पाच-पाच वर्षांसाठी नूतनीकरण होतं. दर वेळी गाडी आरटीओला दाखवावी लागते, म्हणून जे काढाल ते मूळ सामान जपून ठेवा. विम्याचंही लक्षात असू द्या: आपल्याकडच्या मोटार पॉलिसीत आयोजित शर्यत आणि वेगचाचणी वगळलेली असते. ट्रॅकवर ठोकली तर खर्च आपला.

ब्रेक: सगळा खेळ उष्णतेचा

गाडी आणि चालक मिळून ९५० किलो धरा. शहरात ताशी ६० वरून पूर्ण थांबताना ब्रेकना साधारण १३० किलोज्यूल ऊर्जा गिळावी लागते. ट्रॅकवर सरळ पट्टा संपताना १४० वरून ६० वर यायला हाच आकडा ५८५ होतो. वेग दुप्पट झाला की ऊर्जा चौपट होते, त्यामुळे सगळा भार वरच्या वेगांवर असतो. यातला सुमारे तीन-चतुर्थांश वाटा पुढच्या दोन डिस्कवर जातो. चार किलोची डिस्क धरली तर एका जोरदार ब्रेकमध्ये ती शंभर अंशांहून थोडी जास्तच तापते. चेन्नईजवळचा इरुंगट्टुकोट्टैचा ट्रॅक ३.७ किमीचा आहे, कोइम्बतूरचा कारी मोटर स्पीडवे २.१ किमीचा. लहान ट्रॅक ब्रेकना सोपा असेल असं वाटतं, पण तिथे दोन ब्रेकिंगमध्ये डिस्कला निवायला काही सेकंदच मिळतात.

उष्णतेने ब्रेक दोन प्रकारे जातात आणि त्यांची लक्षणं वेगळी असतात. पेडल घट्ट लागतंय, पाय जोरात दाबताय, तरी गाडी थांबत नाही: पॅड तापून त्यांची पकड गेली. पेडल मऊ होऊन खाली जातंय: कॅलिपरमध्ये (डिस्कवर पॅड दाबणारा भाग) तेल उकळलं आणि वाफेचे बुडबुडे झाले. तेल दाबलं जात नाही, वाफ दाबली जाते. पहिला प्रकार हळूहळू येतो, सावध व्हायला वेळ देतो. दुसरा एका वळणावर अचानक येतो.

म्हणून पहिला खर्च तेलाचा. ‘डॉट’ हा ब्रेकच्या तेलाचा दर्जा. डॉट ३ तेल नवं असताना किमान २०५ अंशांना उकळतं, डॉट ४ किमान २३० ला, डॉट ५.१ किमान २६० ला. पण ब्रेकचं तेल हवेतली ओल शोषतं. साधारण ३.७ टक्के पाणी मुरलं की डॉट ३ चा उत्कलनबिंदू १४० पर्यंत आणि डॉट ४ चा १५५ पर्यंत खाली येऊ शकतो. पाच वर्षं न बदललेल्या तेलावर ट्रॅकला जाणं म्हणजे दुसऱ्या लॅपला पेडल गमावणं. चांगलं डॉट ४ किंवा ५.१ घ्या, सीलबंद डबा घ्या, आणि फोडलेला डबा पुढच्या वर्षासाठी ठेवू नका. डॉट ५ मात्र सिलिकॉनचं असतं. नाव सारखं म्हणून ते यात मिसळायचं नाही.

एक लिटर तेल पुरतं. आधी जुनं, काळं तेल टाकीतून पिचकारीने उपसून काढा आणि नवं भरा, म्हणजे ती घाण पूर्ण पाइपातून जात नाही. सुरुवात मास्टर सिलिंडरपासून (पेडलने तेलावर दाब देणारा सिलिंडर) लांबच्या चाकापासून, म्हणजे उजव्या स्टिअरिंगच्या गाडीत सहसा मागचं डावं. गाडीच्या मॅन्युअलमध्ये वेगळा क्रम असेल तर तो पाळा. चाकाजवळच्या निपलवर (तेल आणि हवा बाहेर सोडायचा छोटा स्क्रू) रिंग पाना, त्यावर पारदर्शक नळी, नळीचं टोक थोडं तेल असलेल्या बाटलीत बुडलेलं. एकाने पेडल हळू दाबून धरायचं, दुसऱ्याने निपल पाव फेरा सैल करायचा, तेल आलं की बंद करायचा, आणि मगच पहिल्याने पाय उचलायचा. हा क्रम चुकला की बाहेर काढलेली हवा परत आत जाते. टाकी रिकामी होऊ देऊ नका, नाहीतर सगळं पहिल्यापासून.

इथे जुन्या गाड्यांत एक हमखास चूक होते. रोजच्या वापरात मास्टर सिलिंडरचा पिस्टन अर्ध्याच अंतरात फिरतो, त्यामुळे पुढचा भाग वर्षानुवर्षं गंजत आणि खरखरीत होत राहतो. हवा काढताना पेडल थेट जमिनीपर्यंत दाबलं की रबरी सील त्या खरखरीत भागावरून घासून फाटतो. मग ब्रेक नवे करायला घेतलेली गाडी मास्टर सिलिंडरच्या बिलासह बाहेर येते. पेडलखाली लाकडी ठोकळा ठेवा, म्हणजे पिस्टन तिथवर पोचणारच नाही. गंजलेल्या निपलवर आदल्या रात्री गंज सोडवणारं तेल मारून ठेवा. तो तुटला तर कॅलिपर लेथवाल्याकडे न्यावा लागतो.

रबरी होज पाइप वीस वर्षांचे असतील तर दिसायला कसेही असोत, चारही बदला. आतून सुजलेला होज दाबाने तेल पुढे जाऊ देतो पण परत येऊ देत नाही; ते चाक ब्रेक धरून बसतं आणि दोष मात्र कॅलिपरला जातो. कॅलिपरच्या सरक पिना काढून पुसा आणि ब्रेकसाठीचंच सिलिकॉन ग्रीस लावा. साधं ग्रीस रबर फुगवतं. पिन अडकलेली असली की आतला पॅड बाहेरच्यापेक्षा लवकर संपतो, म्हणून जाडी बघताना दोन्ही पॅड बघा. डिस्कची किमान जाडी सहसा तिच्यावरच कोरलेली असते.

पॅड निवडताना मोह आवरावा लागतो. शर्यतीचे पॅड ६०० अंशांनाही धरतात, पण थंड असताना त्यांची पकड साध्या पॅडपेक्षा कमी असते, आणि सकाळी सोसायटीच्या गेटवर समोर लहान मूल आलं तेव्हा पॅड थंडच असतात. दोन्हीकडे चालवायची गाडी असेल तर रस्त्यासाठीचे ‘परफॉर्मन्स’ पॅड घ्या, किंवा दोन संच ठेवून ट्रॅकवर बदला. सवय झाली की पुढच्या दोन चाकांचं काम तासाभराचं आहे. नवे पॅड बसवल्यावर मोकळ्या, रिकाम्या रस्त्यावर ८० वरून २० पर्यंत मध्यम जोराने आठ-दहा वेळा ब्रेक मारा, पूर्ण न थांबता. नंतर दहा मिनिटं ब्रेक शक्यतो न वापरता चालवून निवू द्या. तापलेल्या पॅडवर पेडल दाबून उभं राहिलात तर पॅडचा थर डिस्कवर एकाच जागी चिकटतो आणि पुढे ब्रेक मारताना स्टिअरिंग थरथरतं. गॅरेजवाला म्हणतो ‘डिस्क वाकली’. बहुतेक वेळा ती वाकलेली नसते.

बुश, शॉकअप आणि स्प्रिंगची करवत

‘गाडी खाली केली की वळणावर चिकटते’ हा समज फार पक्का आहे. सगळ्यात स्वस्त उपाय म्हणून स्प्रिंग कापली जाते. सहा कामाच्या वेढ्यांतला एक कापला तर स्प्रिंग वीस टक्के कडक होते, कारण उरलेल्या तारेला कमी लांबीत तेवढंच दबायचं असतं. ते एक वेळ चालेल, पण कापलेलं टोक तिच्या बैठकीत नीट बसत नाही, आणि चाक हवेत लोंबलं की स्प्रिंग सैल होऊन जागा सोडू शकते. गॅसने तापवून बसवलेली स्प्रिंग तर करूच नये. पोलादाचं पाणीच उतरतं.

शिवाय स्ट्रटच्या गाडीत फार खाली जाण्याचा उलटा परिणाम होतो. वळणावर बॉडी ज्या काल्पनिक बिंदूभोवती कलते, तो बिंदू लोअर आर्मच्या (चाकाला खालून बॉडीशी जोडणारा दांडा) कोनावर ठरतो. गाडी ४० मिमी खाली केली की वजनाचा मध्य ४० मिमी खाली येतो, पण आर्म वर कलल्यामुळे हा बिंदू त्याहून जास्त खाली जातो. दोघांमधलं अंतर वाढतं, गाडीला कलवणारी तरफ लांब होते. म्हणजे कडक स्प्रिंगने मिळवलेलं काही प्रमाणात परत गेलं, आणि वर आपल्याकडचे स्पीडब्रेकर आहेतच. मूळ उंचीवर नवे गॅस शॉकअप, नवे टॉप माउंट आणि नवे बुश बसवलेली एस्टीम कापलेल्या स्प्रिंगच्या एस्टीमपेक्षा वळणावर जास्त विश्वासाची असते.

घरी लोअर आर्म बसवताना एक गोष्ट अनुभवी मिस्त्रीही गाळतात. रबरी बुश हा बेअरिंगसारखा फिरत नाही, रबर पिळलं जाऊन तो हलतो. गाडी जॅकवर, चाक लोंबलेलं असताना बोल्ट पूर्ण आवळला तर बुश त्या कोनात पकडला जातो. गाडी खाली आली की तो कायमचा पिळलेला राहतो आणि काही महिन्यांत फाटतो. बोल्ट हाताने लावा, गाडी चाकांवर उतरवा, पुढून दोन-चार वेळा दाबून सोडा आणि मग टॉर्क पान्याने आवळा. पॉलियुरेथेनचे कडक बुश ट्रॅकवर छान, पण रस्त्यावर आवाज आणि हादरे थेट बॉडीत येतात. जुन्या पत्र्याच्या जोडांना ते मानवत नाही. अँटिरोल बारचे (वळणावर बॉडीचं कलणं रोखणारा दांडा) बुश आणि लिंक रॉड हे मात्र कमी पैशात बराच फरक देतात, आणि इंजिनाचं फाउंडेशन बदलायला झालं असेल तर तेही याच वेळी उरका.

स्ट्रट उघडायचा तर दाबलेल्या स्प्रिंगमध्ये हाड मोडण्याइतकी ताकद असते. चांगले कॉम्प्रेसर नसतील तर स्ट्रट काढून गॅरेजवर न्या, दाबण्याचे पैसे देऊन टाका. आणि गाडीखाली जाताना जॅकवर कधीही विसंबू नका: दोन स्टँड, मागच्या चाकांना पुढून-मागून ठोकळे. जुन्या गाडीचा स्टँड टेकवायचा पत्रा आधी स्क्रूड्रायव्हरने टोचून बघा. आत गेला तर पहिलं काम वेल्डिंगचं.

पुढच्या चाकांचा कॅम्बर (चाकाचा वरून आत-बाहेर कल) उणे १ अंश आणि टो (वरून पाहिलं तर चाकांची तोंडं आत-बाहेर वळलेली असणं) शून्य ही दुहेरी वापराला चांगली तडजोड आहे. उणे दोनवर ट्रॅकवर टायर जास्त टेकतो, पण पुणे-मुंबई ये-जा करत राहिलात तर आतली कड झिजते. टो घरी मोजता येतो. गाडीच्या दोन्ही बाजूंना स्टँडला दोरी ताणा, ती गाडीच्या मध्यरेषेला समांतर करा (पुढची आणि मागची चाकं यांमधली रुंदी सारखी नसते, ते धरून), आणि रिमच्या पुढच्या व मागच्या कडेपासून दोरीचं अंतर मोजा. १३ इंची रिमवर १ मिमी फरक म्हणजे साधारण ०.१७ अंश.

टायर

१७५/७० आर१३ टायरचा व्यास ५७५ मिमी येतो, १८५/६० आर१४ चा ५७८. अर्ध्या टक्क्याहून कमी फरक, म्हणून स्पीडोमीटर आणि गिअरिंग तेच राहतं आणि बाजूची भिंत सुमारे साडेअकरा मिलिमीटरने कमी होऊन स्टिअरिंगला उत्तर लवकर मिळतं. हेच गणित आपल्या टायरचं करून बघा आणि आरसी व कंपनीच्या मान्य मापांशी ताडून बघा. एस्टीमच्या चाकाचं पीसीडी (नटांची संख्या आणि त्यांच्या वर्तुळाचा मिमीमधला व्यास) ४×११४.३ आहे, स्विफ्टचं ४×१००. ‘थोडं ओढून बसतं’ म्हणणाऱ्या दुकानातून उठून यायचं.

टायरच्या बाजूवरचे शेवटचे चार आकडे वाचा: २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. सहा वर्षांवरचा टायर, नक्षी कितीही शिल्लक असो, ट्रॅकवर नको. हवेचं म्हणाल तर दर १० अंशांना दाब साधारण दीड पीएसआयने वाढतो. ३० पीएसआय थंड भरून निघालेली गाडी काही लॅपमध्ये ३६ च्या पुढे जाते आणि टायर मधूनच टेकायला लागतो. पिटमध्ये (ट्रॅकलगतची थांबायची जागा) आल्या आल्या, गरम असतानाच मोजा आणि ३४ च्या आसपास आणा. चारही चाकांत सारखी हवा सोडू नका. ज्या बाजूची वळणं जास्त, तिच्या उलट बाजूचे टायर जास्त तापतात. घरी निघण्याआधी थंड टायरमध्ये हवा परत भरा. हे विसरलं की हायवेवर कमी हवेचा टायर तापून फुटतो.

पाणी, ऑइल, पेट्रोल

पहिल्यांदा रेडिएटरचं झाकण बदला. ०.९ बारचं झाकण साध्या पाण्याचाही उत्कलनबिंदू ११८ अंशांवर नेतं. त्याचं रबर कडक झालं की हा फायदा शून्य. वर्षानुवर्षं बोअरिंगचं पाणी घातलेल्या रेडिएटरच्या नळ्या क्षारांनी अर्ध्या बुजलेल्या असतात. तो बाहेरून धुऊन काही होत नाही, नवा कोअरच हवा. कुलंट आणि शुद्ध पाणी निम्मं-निम्मं. थर्मोस्टॅट काढून टाकण्याची जुनी युक्ती इंजेक्शनच्या गाडीत करू नका: इंजिन थंड आहे असं समजून ईसीयू (इंजिनाचा संगणक) पेट्रोल जास्त सोडत राहतो आणि सिलिंडरवरचं ऑइल धुतलं जातं.

इंजिनाची तब्येत कॉम्प्रेशनवरून, म्हणजे सिलिंडरमध्ये तयार होणाऱ्या दाबावरून, कळते. इंजिन गरम, चारही प्लग काढलेले, पेट्रोल आणि स्पार्क बंद, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबलेला. या कुळातल्या इंजिनात प्रति चौ.सेंमी १४ किलो चांगलं, १२ च्या खाली नको, आणि सिलिंडरांत एकाहून जास्त फरक नको. ऑइल वरच्या खुणेपर्यंत ठेवा, कारण लांब वळणात ते एका बाजूला जाऊन पंप हवा ओढू शकतो. त्याच्या वर मात्र नाही, क्रँक त्यात आपटून फेस होतो. टायमिंग बेल्टचे किलोमीटर कमी असले तरी वय मोजा. इथेनॉलमिश्रित पेट्रोलने जुने रबरी पाइप कडक होऊन तडकतात; बदलताना इंजेक्शनच्या दाबाचाच पाइप घ्या. कार्बोरेटरचा पाइप तीन बार दाबाला टिकत नाही, आणि तो फुटला की पेट्रोल गरम इंजिनावर उडतं.

ताकद वाढवायचीच असेल तर वजन काढा. चालकासह ९४५ किलोला ८५ हॉर्सपॉवर. स्टेपनी, जॅक, मागची सीट, डिकीतला पसारा मिळून ५० किलो ट्रॅकवर उतरवले तर ते पाच हॉर्सपॉवर मिळवल्यासारखं आहे, आणि संध्याकाळी सगळं परत बसतं. टर्बो नसलेल्या इंजिनात चिप आणि फिल्टरवर एवढं मिळवायला हजारो रुपये जातात. बॉनेटखाली उघडा कोन फिल्टर तर रेडिएटरमागची गरम हवाच ओढतो.

रोल केज (गाडीच्या आत बसवलेला लोखंडी नळ्यांचा सांगाडा) आणि चारपदरी हार्नेस (चार ठिकाणी बांधलेला शर्यतीचा पट्टा) यांचा मोह दुहेरी वापराच्या गाडीत टाळलेला बरा. हेल्मेट नसताना डोक्याजवळची लोखंडी नळी रस्त्यावरच्या साध्या धडकेतही कवटी फोडू शकते. मूळ सीटवर चारपदरी पट्टा लावला तर खांद्याच्या पट्ट्या कमरेचा पट्टा पोटावर ओढतात आणि धडकेत शरीर त्याखालून सरकतं. मूळ तीनपदरी पट्टा नवा बसवा, लोखंडी ब्रॅकेटवर अग्निशामक लावा, बॅटरीचा क्लॅम्प आवळा, टोइंग हूक चढवून बघा.

ट्रॅकवरचा दिवस

पहिली फेरी चार-पाच लॅपची, त्यातला शेवटचा लॅप ब्रेक जवळजवळ न लावता. पिटमध्ये आल्यावर हँडब्रेक ओढू नका, गाडी गिअरमध्ये ठेवून चाकाला ठोकळा लावा. तापलेल्या ड्रमला लायनर चिकटतात. बॉनेट उघडा. रेडिएटरचं झाकण मात्र उघडू नका. अर्ध्या तासाने, चाकं निवल्यावर, नट टॉर्क पान्याने तपासा. हवेच्या गनने आवळलेले नट कुठे सैल, कुठे स्टड ताणलेले असतात. पॅड ४ मिमीच्या खाली गेले असतील तर पुढची फेरी नाही. पेडल सकाळपेक्षा थोडं जरी मऊ लागलं तरी आधी पुढच्या कॅलिपरची हवा काढा, म्हणूनच उरलेलं तेल, नळी आणि रिंग पाना सोबत न्यायचा. काढलेले पॅड परत बसवायचे असतील तर डावा-उजवा, आतला-बाहेरचा असं मार्करने लिहून ठेवा. प्रत्येक पॅड आपल्याच डिस्कच्या चरांना बसलेला असतो.